दाजींच्या नाकासाठी चहा

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि चहा जास्त होता. सुट्ट्या पानांच्या चहाचं मला वेड आहे; डाळी ठेवायला डबे उरले नाहीत म्हणून नवरा बोंबलत असतो. पण या खेपेला हौस नव्हती. बेळगावला, वडगावात, माझी थोरली बहीण, आक्का, राहते. तिचे यजमान, आमचे दाजी, गेल्या पावसाळ्यात तापानं आजारी पडले. ताप गेला आणि जाताना त्यांचं वास घेणं घेऊन गेला. त्याबरोबर चवही गेली. "रोज वेगवेगळे वास घेत राहा, कदाचित येईल," एवढंच डॉक्टर म्हणाले.

"जेवाय बसत्यात आन् उठत्यात," आक्का फोनवर सांगत होती. "च्या तर सोडलाच की गं. सांजचं कुणात बसत न्हाईत, बोलत न्हाईत." चहाशिवाय ज्यांचं पान हलत नसे ते दाजी! मी घरातले सगळ्यात जास्त वासाचे पाच डबे उचलले आणि एसटी गाठली.

कागल मागं पडलं की पाट्यांची लिपी बदलते, माणसं मात्र तीच राहतात. निपाणीच्या स्टँडवर किटली घेतलेला माणूस खिडकीशी आला. "चा कुडीरी (चहा घ्या)," म्हणाला आणि माझा चेहरा बघून लगेच, "घ्या की आक्का, गरम हाय." घेतला. गोडमिट्ट होता, पण प्रवासात असाच लागतो.

तवंदी घाटाच्या वळणावर बॅग घरंगळली आणि नेमका धुराच्या चहाचा डबा उघडला. हा चीनकडचा चहा, लाकडाच्या धुरावर सुकवलेला. सगळ्या गाडीत वास पसरला. कंडक्टर खवळलाच. "कोण वडालंय रं विडी?" मी कबुली दिली. शेजारी काकतीला उतरणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी पानं हुंगली आणि विचारलं, "पैसं दिऊन धूर इकत घेतलास व्हय गं? माझ्या चुलीफुडं बसली असतीस तर फुकट मिळाला असता." गाडी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार?

वडगावच्या गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटाखट सुरू होते. दाजी माग बंद करून बाहेर आले. आक्कानं नाकाला पदर लावला. "काय पेटवून आलीस का काय?" दाजींनी मात्र तीच बॅग छातीशी धरून आत नेली आणि शांतपणे विचारलं, "परवास बरा झाला न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, माग थांबले आणि दाजी आयते सापडले. मी पाच चहा मांडायला घेतले. आक्का बघतच राहिली. "बिनदुधाचा? असला च्या मयताच्या घरात देत्यात गं!" (इकडे सुतकात चहात दूध घालत नाहीत.) पाहुणीला आपल्या घरात कोरा चहा प्यायला देणं तिला काही सोसेना. पुटपुटत आत जाऊन आली आणि बसली.

पहिला दार्जिलिंगचा. पानं गरम पाण्यात हळूहळू उलगडली, पाणी मधासारखं झालं. "गवतागत लागतंय," आक्का म्हणाली, "पण बरं गवत हाय." निलगिरीचा तिनं दोनदा मागून घेतला. आसामचा काळाभोर पाहून मान डोलावली. "ह्यो खरा च्या." मोगऱ्यात मुरवलेल्या हिरव्या चहाला तर तिनं डोळेच मिटले. खरं सांगते, इतक्या आवडीनं माझा चहा आजवर कुणी प्यायला नव्हता.

दाजी प्रत्येक ग्लास नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गरम हाय." बिचारे माझं मन राखत होते.

शेवटी धुराचा. माझी सगळी भिस्त त्याच्यावर. खोली त्या वासानं भरून गेली. दाजींनी खूप वेळ हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला. "न्हाय गं. पाणीच हाय. एवढं वझं आणलंस, वाईट वाटून घिऊ नको."

मला रडू फुटलं. चहाचा राग आला, डॉक्टरचा आला, माझ्या शहाणपणाचा तर फारच आला. आक्का खाली मान घालून बसली.

एवढ्यात दाजींनी मान वळवली. "दूध करपालंय व्हय गं?"

"कुठलं दूध?" आक्का म्हणाली. मग तिनं कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरात धावली. माझ्यासाठी गुपचूप दूध ठेवून ती विसरली होती. आमची नाकं त्या धुरानं भरलेली, आम्हा दोघींना काही कळलंच नव्हतं.

ती दारात आली ती सांडशीत काळं पातेलं धरून. "तुमाला कसं कळलं?"

थेंबभर दूध सांडलं तर घर डोक्यावर घेणारी माझी बहीण, तिनं ते पातेलं त्यांच्या नाकाखाली धरलं.

"करपलंय," दाजी म्हणाले. "लई करपलंय." आणि लहान पोरागत रडायला लागले. आम्हीही रडलो. देवा, तुझे उपकार कसे फेडू, असं मी मोठ्यानं म्हणाले.

परतीच्या गाडीत बॅग हलकी होती. डबे तिथंच ठेवून आले. मी डोंगराडोंगरांवरचे चहा गोळा करून नेले आणि काम केलं गल्लीतल्या गवळ्याच्या दुधानं. माझी अजिबात तक्रार नाही. त्या माणसाचे, त्या म्हशीचे आणि आक्काच्या हट्टाचे मी मनापासून आभार मानले.

घरी पोचून फोन केला.

"च्याचा वास अजून न्हाय गं," आक्का म्हणाली. "पर करपल्याचा येतोय न्हवं? म्हणून सकाळी वाटीभर दूध मुद्दाम करपवून त्यास्नी हुंगाय देते. शेजारणी म्हणत्यात, हिला सैपाक जमंना झालाय." ती हसली. "म्हणू देत की."