उतारावरचा तळहात

करंजाड्याच्या बागेत पोरं चाकांच्या फळीवरून, म्हणजे स्केटबोर्डवरून, सिमेंटच्या उतारावर उड्या मारतात. त्यांच्यात तिशीची एक बाई येते. नाव मी विचारलं नाही. भाकरी टाकण्याआधी तव्यावर हात धरून बघावा, तशी ती उडीआधी उतारावर तळहात फिरवते.

काल ती कित्येक दिवस घोटलेली मोठी उडी मारणार होती. पोरांनी मोबाईल रोखले होते. माळ्याच्या पाइपाचं पाणी उतारावर आलं होतं. हाताला ओल लागली, तशी ती थांबली.

"ताई घाबरली रे!" एकजण ओरडला.

"घाबरते म्हणूनच दात शाबूत आहेत," असं म्हणत तिने फळी काखेत मारली आणि पायऱ्यांनी उतरली.

उड्या मारणारे रोजच दिसतात. सगळ्यांसमोर पायऱ्या उतरलेली ही एकटीच.