मागे चालणाऱ्या बायका

चित्रपट महोत्सवाच्या निवड समितीतल्या एका गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी खोपोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत चहा गाळत होते. पाच वर्षं आम्ही तिघीजणी हाताने चित्रं काढून ऐंशी मिनिटांचा सिनेमा करत होतो. एक विधवा शेत विकायला नकार देते आणि शेवटी विळा उगारून दिराला बांधावरून हाकलते, अशी त्याची गोष्ट. तो महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत जावा, नटनट्यांच्या सिनेमांच्या रांगेत बसावा, एवढीच माझी हाव होती.

"कार्टून आहे म्हणून बालविभागात टाकलंय," गृहस्थ म्हणाले. "पण मुख्य स्पर्धेसाठी मी शब्द टाकू शकतो. फक्त ते भातलावणीचं दृश्य दुरुस्त करा. बायका उलट्या चालतायत. रिव्हर्स झालंय ते. सोमवारपर्यंत पाठवा."

दिरावर विळा उगारणारी बाई बघायला हे लहान पोरं बोलावणार होते! माझं डोकंच फिरलं. दोन वेळा भात जेवायचा आणि तो लावतात कसा याचा पत्ता नाही. पण खोटं कशाला बोलू, मोहही झाला. ते दृश्य मी संगणकावर उलटं चालवून पाहिलं. एका क्लिकचं काम. बायका झपाझप पुढे निघाल्या, पण लावलेली रोपं चिखलातून उपटून पुन्हा मुठीत गोळा करू लागल्या. माझी सहकारी हसून लोळली. मला काही हसू आलं नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन कडाव गावी गेले. ज्या काकूंच्या बांधावर बसून मी दोन पावसाळे लावणीची चित्रं काढली होती, त्यांना ते दृश्य दाखवलं आणि विचारलं, "बाया पुढे चालल्या तर?"

"पुढं? लावलेलं तुडवायचं का गं?" मग चष्मा सारखा करून त्या पुन्हा बघायला लागल्या. "मागं सरतात ते बरोबर हाय. पन रोपांची मूठ उजव्या हातात नि लावनी डाव्यानं कशी? सगल्याच डावऱ्या हायत काय तुज्या बाया?"

प्रत्येक हालचाल मी आधी कॅमेऱ्यासमोर स्वतः करून बघते, आणि मी डावखुरी आहे. पाच वर्षांत आम्हा तिघींपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. समितीच्या तर नाहीच नाही. चित्र आरशासारखं फिरवावं तर सगळ्यांचे पदर भलत्याच खांद्यावर गेले असते. म्हणजे हात न् हात नव्याने काढायचा.

सोमवारी मीच गृहस्थांना फोन लावला. "चूक आहे. दुरुस्त करतेय."

"वा! आज मिळेल?"

"दोन महिने लागतील. आणि तुम्ही दाखवलेली नव्हे, दुसरीच आहे. बायका मागेच चालणार. बालविभागातून आमचा सिनेमा काढून टाका."

"मग यंदा तुम्ही कुठेच नाही."

"नसू दे," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर रडू फुटलं, चांगलं पाचदहा मिनिटं. मग तोंड धुतलं, कोरा कागद घेतला आणि पहिल्या बाईची मूठ तिच्या डाव्या हातात दिली.