भिमाआत्याचा पंप

भिमाआत्या कधी कुणाच्या दारात घागर घेऊन गेली न्हाय. तेवढाच एक ताठा होता तिला.

पूर्वी वरल्या आळीच्या विहिरीवर आमच्या वस्तीच्या घागरी लांब ठेवायला लावायचे. तवा तिच्या नवऱ्यानं, बाबूतात्यानं, घरामागं सोताच्या हातानं आड खांदला. तात्या गेला, आड ऱ्हायला. अख्खी वस्ती तिथं भरायची. आत्यानं कुणाला नगं म्हणलं न्हाय.

आमचं गाव तेरच्या अलीकडं. म्या नववीतनं शाळा सोडली, आता मोटारी-पंप खोलतो. यंदा उन्हाळ्यात आत्यानं बोलावलं. पंप नुसता घुंई करतोय, फिरत न्हाय म्हणली.

घुंई करतो म्हंजे कंडेन्सर गेलेला. बदलला. पंप फिरला, पण पाणी न्हाय. मग पाइप वर वढला अन् त्याच्या बुडाचा फुटबॉल, म्हंजे फूट-व्हॉल्व्ह, बघितला. त्याचं झाकण नीट बसलं न्हाय की पाइपातलं पाणी खाली उतरतं अन् पंप हवा वढतो. फुटबॉल चिखलानं बरबटलेला निघाला. तवाच मला आडाच्या तळाचा संशय आला. पण त्या आडाबद्दल तसलं तोंडातनं निघंना. धुतला, नवा वायसर टाकला, परत सोडला.

कोरडा पंप वढत न्हाय, वरनं पाणी भरावं लागतं. घरात प्यायची एकच कळशी होती. म्या म्हणलं, थांबा, घरून आणतो. ऐकती कशाला? सगळी कळशी वतली पंपात.

बटण दाबलं. नळी खोकली अन् धार लागली. आत्यानं पळत जाऊन बादली लावली.

"आलं की रं, सुगत."

अर्धी बादली झाली. मग नुसती हवा. म्या आडात दगड टाकला. थप्प वाजलं.

"आत्या, पंपाला काय झालं न्हाय," म्या म्हणलं. "बादलीत हाय ते तुमच्याच कळशीचं पाणी हाय."

तिनं बादली उचलून परत कळशीत वतली. मग म्हणली, "पंप खोल. खांद्यावर घे अन् भर रस्त्यानं घेऊन जा. बिघडलाय म्हण."

मला कळलं. पंप दुरुस्तीला गेलाय म्हणून एक घागर मागितली तर ती उसनी. आड आटला म्हणून मागितली तर ते रोजचं मागणं.

पाणी आता फकस्त वरल्या आळीत, बसप्पा किराणावाल्याच्या बोअरला. आत्या तिथं रांगेत उभी ऱ्हाती. पंप आला की परत करते म्हणती. बसप्पा मला दुकानापुढं थांबवून म्हणतो, "खोलायला येतंय, जोडायला न्हाय व्हय रं?" माणसं पंप दुरुस्तीला कळंबला न्यायला लागलीत. नेऊ द्या.

आड आटलाय हे आता हळूहळू सगळ्या गावाला ठाऊक झालंय. कुणी बोलत न्हाय. बोलला तर त्याची गाठ माझ्याशी हाय.

रिकामी घागर घेऊन जाताना आत्या माझ्या दारापुढं थांबती अन् रस्त्याला ऐकू जाईल असं विचारती, "झाला का रं पंप?"

"न्हाय आत्या. सामान मिळंना."

मान हलवून ती वरल्या आळीकडं चालायला लागती. म्या आत येतो, पंपावरचं गोणपाट काढतो अन् पंप हातानं फिरवून ठेवतो. जाम व्हायला नको.