आज कौनसा राग?

देवास गेट ते फ्रीगंज टेंपो चालवणारा तो भैया टेप इतका जोरात लावायचा की कानठळ्या बसायच्या, वर स्वतः गायचा, हॉर्नवर ताल धरायचा. मी उज्जैनला नवीन, शिवणाच्या कामावर निघालेली, मांडीवर बाळ किंचाळतंय, लोक बघतायत, आता खाली उतरवतात की काय, म्हणून घाबरून मी ओरडलेच, "भैया, मेरे को राग आता है!" हिंदीत गुस्सा म्हणतात, हे तेव्हा कुठलं आठवतंय!

त्याने टेप खटकन बंद केला. "राग आता है? तो दीदी, आप ही सुनाओ ना!"

मी थोपटत अंगाई म्हटली. बाळ झोपलं.

आता मी चढले की तो स्वतःच टेप बंद करतो. "दीदी, आज कौनसा राग?"

मला एकही येत नाही. त्याचा तर मुळीच नाही.