गरम पाण्याचा उमेदवार

आमचे धाकटे दीर, सतीश भाऊजी, महापालिकेच्या निवडणुकीला कधीही उभे राहिले नाहीत. मोशीतल्या निम्म्या लोकांना हे अजून पटत नाही, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

झालं असं, की चाकणच्या एका कंपनीत शिफ्टा करून करून भाऊजी विटले आणि नोकरी सोडून त्यांनी मोशीत सोलर वॉटर हीटरचं दुकान टाकलं. दुकान झकास, माल चांगला, फक्त गिऱ्हाईक तेवढं नव्हतं! दिवाळीनंतर थंडी पडली तशी एक आशा दिसली. जवळच्याच एका मोठ्या सोसायटीला सगळ्या इमारतींच्या गच्चीवर हीटर बसवायचे होते. काम भाऊजींना द्यायचं की पुण्याच्या बड्या डीलरला, हे डिसेंबरअखेरच्या सभेत ठरणार होतं.

"वहिनी, हे काम आलं तर दुकान टिकलं," भाऊजी आमच्या निगडीच्या घरी येऊन म्हणाले. "नाहीतर जानेवारीपासून पुन्हा नाइट शिफ्ट."

त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी करायला घेते (आमच्या घराला हा जुना त्रास आहे). शिवाय मी तळवड्याच्या एका आयटी कंपनीत जनसंपर्क विभागात! तिथे माझं मुख्य काम कर्मचाऱ्यांना वाढदिवसाचे मेल पाठवण्याचं आहे, पण ते घरी कशाला सांगायचं?

"भाऊजी, निर्धास्त राहा. तुमची इयर एंडची कॅम्पेन मी करते!"

"म्हणजे फ्लेक्स ना?" ह्यांनी पेपरातून डोकंही वर न काढता विचारलं.

"नुसता फ्लेक्स नाही हो! उत्सुकता ताणायची. आधी फक्त माणूस दाखवायचा. लोकांनी विचारलं पाहिजे, हा कोण? मग आठवड्याने दुसरा फ्लेक्स लावून उलगडा!"

"पण हीटरचा फोटोच नाही टाकायचा?" भाऊजी चाचरत म्हणाले.

"हीटर काय, कुणीही दाखवतं!"

फोटोत भाऊजी पासपोर्ट काढायला बसल्यासारखे दिसत होते. म्हणून मी त्यांना हात जोडायला लावले. सासूबाईंनी कपाळाला टिळा लावला आणि अंगात ह्यांचं लग्नातलं जाकीट चढवलं. वर मजकूर माझा: 'मोशीकरांनो, आता बदल हवाच! येतोय आपल्या हक्काचा माणूस – सतीशभाऊ!' फ्लेक्सवाला म्हणाला, "ताई, खाली शुभेच्छुक नाहीत? फ्लेक्स भुंडा दिसतोय." भुंडा कसा चालेल? सगळे चुलतभाऊ, मामेभाऊ आणि दोन्हीकडचे मेहुणे गोल गोल फोटोंत बसवले. एकाला गाळला असता तर सासूबाईंना पुढच्या लग्नकार्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या फ्लेक्सचा तिच्याशी काय संबंध, असं मला खरोखरच वाटलं!

दुसऱ्याच दिवशी सकाळी भाऊजींचा फोन. "वहिनी, दुकानापुढं ही गर्दी झालीय!"

"बघा! म्हटलं नव्हतं?"

"अहो, पण गटार तुंबलंय म्हणतायत!"

"कुणाचं?"

"सगळ्यांचं!"

भाऊजींचा स्वभाव भिडस्त. नाही म्हणता येत नाही म्हणून ते बिचारे एका म्हाताऱ्या तात्यांच्या शेतघरामागचं गटार बघायला गेले. गटारात वाकलेल्या भाऊजींचा फोटो कुणीतरी काढला आणि 'बोलणारा नाही, करणारा नेता' असं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. दुपारी त्याच वॉर्डातले इच्छुक अण्णा चार माणसं घेऊन दुकानात येऊन बसले.

"भावा, माझ्या मतांवर का उठलायस? चहा पाज, न् माघार घे."

"अण्णा, देवाशपथ सांगतो, मी उभाच नाहीये!"

"व्हय, व्हय," अण्णा समजूतदारपणे हसले. "मी बी गेल्या बारीला असंच म्हनत हुतो."

संध्याकाळी ह्यांनी फर्मान काढलं, "तो फ्लेक्स आधी उतरव."

"कॅम्पेन अशी अर्ध्यात सोडत नसतात," मी म्हणाले. "दुसरा फ्लेक्स लागू दे, सगळं स्वच्छ होईल!"

दुसरा फ्लेक्स लागला. तेच जाकीट, तेच जोडलेले हात, आणि खाली भलीमोठी अक्षरं: 'सतीशभाऊंचा शब्द – प्रत्येक घरात चोवीस तास गरम पाणी!' या खेपेला मी कोपऱ्यात हीटरचा फोटो आठवणीने दिला होता. पण एका मेहुण्याचा फोटो ऐनवेळी आला, आणि फ्लेक्सवाल्याने तो नेमका हीटरवर चिकटवला!

आता, जिथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे असा फ्लेक्स लावल्यावर काय होणार? बायका रिकामे हंडे घेऊन दुकानावर चालून आल्या. "गरम राहू द्या भाऊ, आधी गार तरी सोडा!" सोसायटीच्या गेटवरही हंडे वाजले. इकडे सासूबाईंना दोन ठिकाणी भजनी मंडळाच्या प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावणं आलं. त्यांचं म्हणणं, "आता एवढं झालंय तर राहू दे की त्याला उभा!"

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण अध्यक्ष देशमाने काका चक्क उठून सामोरे आले.

"या, या, सतीशभाऊ! काम तुम्हालाच द्यायचं ठरलंय. आपलाच नगरसेवक असला म्हणजे टँकरचीही कटकट मिटली!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसायचं होतं. नुसतं गप्प! पण मी लॅपटॉप उघडला.

"एक मिनिट, गैरसमज नको," मी म्हणाले, आणि उत्सुकता, उलगडा, ग्राहकाचं मानसशास्त्र सगळं चित्रांसकट समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, प्रभावित झाले.

"म्हणजे हे उभे नाहीत?" काकांनी विचारलं.

"अजिबात नाहीत!" मी अभिमानाने म्हणाले.

"मग आपला पुण्याचा डीलरच बरा," काका खुर्चीत टेकत म्हणाले. "तो निदान मोठा तरी आहे."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. आलेलं काम, तेही सर्वानुमते आलेलं, मी स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं! मला रडूच फुटायचं बाकी राहिलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. ज्यांचं गटार भाऊजी बघून आले होते ते तात्या. सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी राहिलेली, त्यामुळे चार फ्लॅट त्यांच्या घरचे आणि सभेत त्यांचा शब्द वजनदार.

"उभा न्हाई? मंग ब्येस झालं की! निवडून आला आसता तर फोन उचालला आसता का त्यानं? हीटर बिघाडल्यावर कुनाला हुडकत फिरायचं? ह्यो आपला रोज दुकानात घावतोय."

पार्किंगमध्ये हशा उसळला. आणि बघता बघता हात वर झाले. देशमाने काकांचाही! भाऊजींना काम मिळालं. मी डोळे पुसत लॅपटॉप मिटला.

"पण सतीशराव, एक अट आहे," काका म्हणाले. "तुम्ही केव्हाही या, चहाला या. फक्त तुमच्या प्रसिद्धीचं काम ह्या वहिनींकडे पुन्हा…"

मी विश्वासाने भाऊजींकडे पाहिलं. इतके दिवस मोशीने जीव खाल्ला, तरी या माणसाने कुणाला कसलंही आश्वासन दिलेलं नव्हतं.

"देणार नाही!" काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊजी म्हणाले. "शब्द देतो!"

त्या निवडणुकीच्या धामधुमीत मोशीत दिली गेलेली बाकीची आश्वासनं कुठे गेली कोण जाणे, पण हे एक मात्र आजतागायत तंतोतंत पाळलं जातंय.