सविताचं बरोबर उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला तर मी शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून सांगते.

डहाणूतल्या एका ज्युनियर कॉलेजात मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सौम्य आम्लाचा पीएच काढायची एक युक्ती मी वर्षानुवर्षं सांगत आले. अशा आम्लाचे थोडेच रेणू फुटतात. फुटलेल्यांना एक्स म्हणा. मूळ प्रमाणातून तो वजा करायचा असतो, पण लहान आहे, सोडून द्या. वर्गमूळ काढा, पुढे चला. व्हिनेगरला हे चालतं. सगळ्यांनाच चालतं, असं मी धरून बसले होते. का? कधी तपासलंच नव्हतं – दुसरं काय!

चार वर्षांपूर्वी चाचणीत मी क्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाचं गणित दिलं. पहिल्या येणाऱ्याला मुंबईच्या विज्ञान शिबिरात पाठवायचं होतं. जागा एकच. गंजाडच्या सविताला ती हवी होती. आमच्या प्रयोगशाळेतला पीएच मीटर बंद पडलेला, आणि तिला एकदा तरी खरा मीटर हाताळायचा होता. माझं उत्तर २.४३. वर्गाचंही तेच. सविताचं २.५१. मी फुली मारली. तेवढ्या दोन गुणांनी तलासरीची एक मुलगी पुढे गेली.

सविता पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली.

“मॅडम, यात एक्स लहान नाय,” ती म्हणाली. “जवळजवळ तिसरा हिस्सा येतो. मंग सोडायचा कसा?”

तिने एक्स न सोडता पूर्ण वर्गसमीकरण सोडवलं होतं. मी वाचलं. तिचं बरोबर होतं – हे कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. शिबिराला पाठवायचं नाव अजून माझ्याच खणात होतं. बदलायला काय लागलं असतं? पण मग सगळ्या वर्गाचे पेपर पुन्हा तपासायचे, इतकी वर्षं चुकीचं शिकवलं म्हणायचं... समोर दोन सहकारी चहा पीत बसले होते. मला त्यांची लाज वाटली. तिची नाही वाटली.

“शिकवलंय तसं सोडव,” मी म्हटलं. “शहाणपणा नको.”

“बरं, मॅडम,” म्हणून ती गेली. तलासरीच्या मुलीचं नाव मी त्याच दुपारी पाठवलं.

तलासरीची मुलगी शिबिराहून फोटो घेऊन आली. सविताने त्यातला मीटर बराच वेळ पाहिला.

सराव परीक्षेत मी पुन्हा तसंच गणित घातलं. भरपाई म्हणून? खरंच माहीत नाही. या वेळी मी उत्तर नीट काढून ठेवलं होतं. सविताने लिहिलं – ‘एक्स लहान आहे, म्हणून सोडला.’ खाली वर्गमूळ, खाली चुकीचं उत्तर, त्याला स्वच्छ चौकट.

मी तिला पूर्ण गुण दिले.