देवापुढं लावलेला अल्बम

मागच्या गुरुवारी आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळातून बनियनची जाहिरात ऐकू आली... तीही भोंग्यावर. आणि त्याला कारण मीच.

आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या हॉलमध्ये बसतो. आणि हसू नका, पण आम्ही सगळ्या एका तरुण गायकाच्या फॅन आहोत... त्यानं पहिल्यांदा अभंग गायले तेव्हापासून. त्याचं नाव इथं लिहीत नाही, का ते पुढं कळेलच.

त्याचा नवा अल्बम नेमका गुरुवारी आला. आमच्यातली धाकटी सविता सकाळीच ऐकायला बसणार होती, मीच तिला थांबवलं. घरात नवीन काही आलं की आपण आधी देवापुढं ठेवतो... पहिला पगार, नवी साडी, पहिला आंबा. मग अल्बमही आधी देवापुढंच वाजायला हवा. तोवर कुणी ऐकायचा नाही. नैवेद्य काय चाखून दाखवतात?

सगळ्यांना पटलं. शिवाय एकाच मोबाईलवर लावलं की बाकीच्यांचं नेट वाचतं... हे मी बोलले नाही, पण मनात होतं.

अडचण होती अण्णांची. अण्णा म्हणजे देवळाचे ट्रस्टी. आमच्या आवाजाची आणखी एक तक्रार आली, की गुरुवारचं भजन बंद आणि हॉल योगाच्या क्लासला, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आमच्यातल्या कितीजणींचं आठवड्यातलं बाहेर पडणं तेवढंच. मंडळाच्या प्रमुख अक्का तर या वयात सुनेचा हात धरून त्यासाठीच येतात... म्हणून मी अण्णांना आधीच सांगून ठेवलं, "भक्तिगीतंच आहेत." मला खरंच तसं वाटत होतं हो!

उदबत्ती लावली, मोबाईलला हळदीकुंकू वाहिलं, स्पीकरला जोडला आणि दत्तगुरूंचं नाव घेऊन बटण दाबलं.

पहिल्याच गाण्यात तो एका मुलीला बाईकवर घट्ट धरून बसायला सांगत होता. ढोल इतका मोठा की समईची ज्योत हलली...

आता करायचं काय? देवापुढं लावलेलं मधेच बंद करवेना, आणि आमच्याकडं आरती झाल्याशिवाय कुणी उठत नाही. सगळ्या माना खाली घालून बसल्या. हातातले टाळ मात्र सवयीनं चालूच राहिले... गाणं तालात होतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या गाण्यात तो रात्रभर गच्चीवर तिची वाट बघत होता. अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. त्या हळूच म्हणाल्या, "अय्यो, ही तर गवळणच हाय की."

सविताला तेवढंच पाहिजे होतं. त्या गायकाला ती दादाच म्हणते. "बघा! दादाचं सगळंच भारी असतंय."

"भारी कुटलं?" अक्का म्हणाल्या, "पोराचा आवाज कुटं हाय ह्यात? मशीनच गायलंय सगळं."

आणि तेवढ्यात जाहिरात लागली. पैसे भरले की मधे जाहिराती येत नाहीत म्हणे, पण फुकट ऐकायला मिळतंय तर मी कशाला भरते... 'घाम शोषून घेणारी, काखेत न काचणारी!' सवितानं उत्साहात बाहेरच्या भोंग्याचंही बटण दाबलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. म्हणजे बाईकपासूनचं सगळं कॉलनीनं ऐकलं होतं...

एक चप्पल पायात, एक दारात, अशा अवस्थेत अण्णा आले. "देवळात बनियन विकायला लागलात व्हय तुमी?"

सवितानं भोंगा बंद केला. अक्का मात्र शांत. "अण्णा, बस की रे. आरतीआधी उभं राहू नये."

आणि अण्णा बसले! कॉलनीत अण्णांना अरे-तुरे करणाऱ्या अक्का एकट्याच. तिसरं गाणं झालं, चौथं झालं, अण्णांच्या कपाळावरची आठी काही हलेना. मला तर हॉलमध्ये योगाच्या चटया अंथरलेल्या दिसायला लागल्या...

मग पाचवं गाणं लागलं. ना ढोल, ना मशीन. नुसती पेटी आणि त्याचा आवाज. शहरात राहणारा मुलगा आईला फोनवर सांगतोय, जेवलो मी... आणि जेवलेला नाही. टाळ आपोआप थांबले. अण्णांचा मुलगा पुण्यात एकटाच राहतो.

गाणं संपलं. अण्णा म्हणाले, "परत लावा."

परत लावलं, तर आधी तीच बनियन. या वेळी अण्णा मुकाट्यानं बसून राहिले.

आरती झाल्यावर निघताना म्हणाले, "गुरुवार तुमचाच. पण इथनं पुढं काय लावायचं ते घरी ऐकून यायचं. आन् पाचवं तेवढं पाठवा मला."

घरी येऊन मी त्या गायकाच्या पेजवर गेले. अल्बमच्या पोस्टखाली नुसते लाल बदाम... बहुतेकांनी गाणी ऐकण्याआधीच टाकलेले. मी लिहिलं, 'बाळा, पाचवं गाणं फार सुंदर. पहिली चार ऐकवत नाहीत. देवानं आवाज दिलाय, त्यावर मशीन लावू नकोस.'

झालं... त्याचे फॅन माझ्यावर तुटून पडले. एकानं लिहिलं, 'काकू, तुम्ही जाऊन भजन करा.' मी उत्तर दिलं, 'तिथूनच आलेय.'

सविताही रुसली. दादाला वाईट वाटेल म्हणे. मला तसं नाही वाटत. आमचा गुरुवार दत्तगुरूंनी राखला आणि त्यासाठी हाताशी घेतलं ते त्याचंच गाणं, हे मी विसरणार नाही. पण दुसऱ्याच्या घरी जेवताना भाजी खारट असली तरी आपण छान म्हणतो... घरातल्यांना मात्र सांगतोच की. त्या पोराला मी अजून घरातलाच समजते.